भीतीची शिडी आणि मंगळवेढ्याची एसटी

काही घरांत रिकाम्या पिशव्या साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठतात. चहाला बसलं की कुणीतरी एक काढतं, त्याला चिकटून दुसरा येतो आणि चहा गार होतो.

ऑफिस म्हणजे सोलापुरात एका चादरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ज्यांना सतत काळजी वाटते, छातीत धडधडतं, गर्दीत जीव घाबरा होतो, अशांना मोबाईलवर उपचार देणारं अ‍ॅप आम्ही बनवलं आणि आता चालवतो. माणसं तीनच. मेघना मॅडम पेशंटशी बोलतात. त्या मूळच्या कोकणातल्या, लग्न होऊन सोलापूरला आलेल्या. नागेश प्रोग्रॅमर. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलतो, ऑफिसात मराठी, आणि प्रोग्रॅम अडला की पुन्हा तेलुगू. तिसरी मी, वैशाली. शाळेत मराठी शिकवायचे, ते सोडून इथं आले. अ‍ॅपमधलं मराठी लिहायचं आणि नव्या पेशंटला पहिला फोन करायचा, हे माझं काम.

पेशंटची नावं बदललीत. किस्सा सांगू का, असं प्रत्येकाला विचारलंयसुद्धा. मल्लप्पाकाका तर म्हणाले, "खरं नाव टाका की! भावकीला कळू दे." तरी बदललंच. नियम म्हणजे नियम!

*

सुरुवातीला अ‍ॅपमध्ये मॅडमनी स्वतः लिहिलेले प्रश्न होते. पहिलाच असा: "गत दोन सप्ताहांत आपणांस अकारण अस्वस्थतेची अनुभूती झाली काय?"

सगळ्यांनी "नाही" दाबलं. अ‍ॅपच्या हिशेबानं अख्खं सोलापूर ठणठणीत!

मी म्हटलं, "मॅडम, मला लिहू द्या." आणि लिहिलं: "काही झालेलं नसताना पोटात गोळा येतो का?"

दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. मल्लप्पाकाका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आवाज खर्जातला, पण घाबरलेला.

"ताई, माझ्या पोटातलं तुमाला कुणी सांगितलं?"

मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी एसटीनं मंगळवेढ्याला लेकीकडं जाताना त्यांना एकदम धडधडायला लागलं, घाम फुटला, आता मरतो असं वाटलं. वाटेतच, कामती गावाला उतरले आणि परत आले. डॉक्टरांनी हृदय तपासलं, काही निघालं नाही. पण तेव्हापासून एसटी बंद. कारखान्यात सायकलनं जायचे, तिथं काहीच व्हायचं नाही.

"सायकलचा ब्रेक माझ्या हातात हाय ताई. एसटीचा न्हाय."

लेकीच्या घरी शेती आणि मेंढरं, तिलाही निघता येत नव्हतं. नात गौरी तीन वर्षांची. ती आजोबांना ओळखायची ती फक्त व्हिडिओ कॉलवर. एकदा तिनं विचारलं होतं, "आजोबा, मोबाईलात तुमाला जेवाय कोण वाढतं?"

हे सांगताना काका हसले.

"लेक पुन्हा बाळंत होणार हाय," मग म्हणाले. "बारशाला मला जायचं हाय. एसटीनं. तेवढं करा की."

*

अ‍ॅपमध्ये आम्ही ठळक लिहिलंय, "सेशनला एकटेच बसा." हे लिहिणाऱ्यानं सोलापूर जिल्ह्यातली घरं पाहिलेली नव्हती. लिहिणारी मीच, तेव्हा कुणाला बोलणार?

होटगीची एक सून होती. रेल्वेच्या परीक्षेच्या काळजीनं तिची झोप उडालेली. मॅडमनी कॅमेरा सुरू केला तर समोर सहा माणसं! मधोमध सासूबाई, नवं लुगडं, केस चापूनचोपून. सासरे, दीर, जाऊ, शेजारची काकू. सून मागं, नुसतं कपाळ दिसतंय.

"नमस्कार मॅडम. चहा झाला का?"

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "फक्त सूनबाईंनीच बसायचंय. बाकीच्यांनी जरा बाहेर जाल का?"

सासूबाई चकितच झाल्या. "अवो, तिला काळजी हाय ती आमच्यामुळंच की! मग आमी नको का बसाय?"

मॅडम सांगतात, इतकं अचूक निदान त्यांना चार सेशननंतरही जमलं नसतं.

*

पाण्याचा किस्सा मॅडमसमोर काढायचा नाही, असा ऑफिसात अलिखित नियम आहे. म्हणून आम्ही तो मुद्दाम काढतो.

मन शांत करण्यासाठी मॅडमनी एक ऑडिओ केला. मंद आवाजात त्या सांगतात, "डोळे मिटा, खांदे सैल सोडा," आणि मागं वाहत्या पाण्याचा आवाज. कोकणातल्या माणसाला झऱ्याचा आवाज म्हणजे आजोळ!

पहिलं ग्रुप सेशन. पाच पेशंट, पाच चौकटी, सगळ्यांचे डोळे मिटलेले. नागेशनं ऑडिओ लावला. झुळझुळ, झुळझुळ.

अर्ध्या मिनिटात पहिल्या चौकटीतल्या काकूंनी खाडकन डोळे उघडले. "अगं बाई, नळ आला!" आणि गायब. दुसऱ्या चौकटीतले मास्तर उठले, हातात बादली दिसली. तिसरी "मोटर लाव, मोटर लाव" असं ओरडत पळाली. बघता बघता चार खुर्च्या रिकाम्या आणि मॅडम सांगतायत, "आता तुम्हाला अगदी निवांत वाटतंय."

जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं पाण्याच्या आवाजानं कुणाला निवांत वाटेल हो? मॅडमना सोलापुरात येऊन सहा वर्षं झाली होती, पण घरात पाणी भरायचं काम सासऱ्यांकडं!

जागेवर बसून राहिले ते एकटे मल्लप्पाकाका. "आमच्या वाड्यात कालच आलंय पाणी," ते म्हणाले. "पर मॅडम, मला ह्यात काय शांत वाटंना. मागाचा आवाज लावा की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून रेकॉर्डिंग पाठवलं. खटक्-फटक्, खटक्-फटक्. मॅडमचं डोकं उठलं. नागेश मात्र मान टाकून खुर्चीत झोपून गेला, लहानपणापासून ह्याच आवाजात झोपलेला. आज आमच्या अ‍ॅपवर सगळ्यात जास्त ऐकला जाणारा ऑडिओ तोच आहे!

*

नागेशचा प्रोग्रॅम दिवसातून तीनदा पेशंटला मेसेज पाठवतो. आधी "श्वास घ्या", मग चार सेकंदांनी "हळूहळू सोडा". एका सकाळी काहीतरी बिनसलं आणि पहिलाच मेसेज जात राहिला. श्वास घ्या. श्वास घ्या. श्वास घ्या.

सांगोल्याकडच्या सिद्धूदादांचा फोन आला. शेळ्या राखतात, सांगितलेलं तंतोतंत पाळणारा माणूस. आवाज फुग्यात कोंडल्यासारखा.

"ताई, नुसतं घ्या-घ्याच येतंय! सोडा कवा येणार?"

*

हा किस्सा खुद्द नागेशचा. त्याच्या परवानगीनं सांगतेय, फक्त तो इथं बसलेला असताना नाही.

अ‍ॅप तपासण्यासाठी तो रोज प्रश्नावली भरायचा. एक दिवस मॅडमच्या यादीत लाल खूण आली: "या व्यक्तीशी तातडीनं बोला." नाव, टेस्ट पेशंट.

मॅडमनी त्याला विचारलं, "खोटी उत्तरं भरतोस ना?"

"आधी खोटी भरत होतो," नागेश म्हणाला. "मग रोज नवीन काय सुचणार? खरी भरायला लागलो."

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, हे आम्हाला दोन वर्षांत कळलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्याला रोज "फोन घे रे" म्हणून ओरडायचे.

मॅडम म्हणाल्या, "ये, आत बस, बोलू या."

"समोर नको मॅडम. ऑनलाइन चालेल?"

मग तो बाहेरच्या खोलीत, मॅडम आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत आणि दोन लॅपटॉप. मॅडमचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग इंटरनेटवरून. तिसऱ्या सेशनला नागेशनं तक्रार केली, "मॅडम, भिंतीचं नेटवर्क चांगलं आहे. तेच वापरू या का?"

*

काकांसाठी मॅडमनी भीतीची शिडी केली होती. आपली भीती पायऱ्यांत वाटून घ्यायची आणि एकेक पायरी चढायची. पहिली पायरी, एसटी स्टँडवर जाऊन नुसतं बसायचं. दुसरी, उभ्या गाडीत बसून उतरायचं. अशा करत शेवटची, मंगळवेढा.

काका पाळी सुटली की सायकलनं स्टँडवर जायचे. पंधरा दिवसांत मंगळवेढ्याच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ. लोक त्यांनाच विचारायला लागले. काकाही सांगायचे, "तीन नंबरला लागती. चांगली गाडी हाय. मी चढत न्हाय, तुमी चढा!"

आणि मग बातमी आली, दुसरीही नात झाली. बारसं बारा दिवसांवर आणि काका अजून उभ्याच गाडीत!

*

बारशाच्या दिवशी सकाळी मधल्या पायऱ्या सोडून काकांनी थेट मंगळवेढ्याची गाडी धरली. काकी पुढच्या सीटवर, काका खिडकीला, फोनवर मॅडम. गाडी सुटली. गाव संपलं तसा कॉल तुटला. पुन्हा लावला, लागेना.

कामती यायची होती.

मॅडम पेशंटला नेहमी सांगतात, भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या. मी विचारलं, "मॅडम, आकडा?"

"नऊ."

"अकरा," नागेश बाहेरून ओरडला.

माझ्या पोटात गोळा आला होता, तोच, मी लिहिलेला. शेवटी नागेशनं मागाचा ऑडिओ लावला आणि आम्ही तिघं डोळे मिटून बसलो. खटक्-फटक्. घ्या. सोडा. मॅडमसुद्धा!

दीड तासानं व्हिडिओ कॉल आला. आधी पत्रा दिसला, मग बारशाचा पाळणा, मग काकांची टोपी, मग काका.

"मॅडम, कामतीला धडधडलं. लई धडधडलं. कंडक्टर वळखीचा, म्हणला, काका उतरताय का? म्हणलं न्हाय, आज गाडीत बसूनच घाबरतो!"

मी सरळ रडत होते.

तेवढ्यात काकांच्या मांडीवर गौरी चढली. तिनं त्यांचं नाक दाबून बघितलं, मिशी ओढून बघितली आणि घरात ओरडली, "आये, आजोबा मोबाईलातनं भायेर आले!"

काका डोळे पुसत हसायला लागले. गौरीनं त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला, मॅडमकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं,

"आजोबा, ह्या बाई कवा भायेर येणार?"