जळगाव, विमानाने एक तास

आमच्या घरात मुलगी देताना किलोमीटर कोणी विचारत नाही. सकाळी निघून, लेकीच्या घरी जेवून, संध्याकाळी गाईंच्या धारेला परत येता आलं पाहिजे, एवढंच बघतात. मंचर चालतं, नारायणगाव चालतं, जुन्नर ओढूनताणून बसतं. जळगाव कशातच बसत नव्हतं.

मुलगा मूळचा घोडेगावकडचा, नोकरीला जळगावात. लेकीला तो पसंत होता. अडून बसली माझी बायको. "सात-आठ तास एसटीत? न्हाई म्हंजे न्हाई." मी हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, असा हरतो होय! मोबाईल काढून पुणे-जळगाव विमानाचा वेळ तिच्यापुढे धरला. साधारण एक तास. आमच्या पारगावहून जुन्नरला एसटीने याहून जास्त लागतो.

"एका दिवसात जाऊन येता येतंय का?" तिने एवढंच विचारलं.

"जेवून येशील," मी म्हणालो. लग्न झालं.

वर्षभर या ना त्या कारणाने जाणं राहिलं. मग लेकीला पाचवा महिना लागल्याचा फोन आला आणि बायकोने पिशवी भरायला घेतली. मी तिकिटं काढली. जायची आणि यायची तारीख एकच! ती मी चार शेजाऱ्यांना दाखवून आलो. तारखेखालची वेळ बघायचं तेवढं राहिलं.

पहाटे पाचला निघालो. चाकणच्या वाहनांच्या रांगेने माझ्या भूगोलाची पत्रास ठेवली नाही. पुढे विमानतळावरच्या तपासणीत डिंकाच्या लाडवांची पिशवी दोनदा उघडली गेली. अखेर विमान उडालं आणि दहा मिनिटांत बायकोने खिडकीला नाक लावलं. "अवं, ह्यो तर आपला कारखाना!" खरंच, खाली पारगावच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसत होतं. पाच तास प्रवास करून आम्ही आमच्याच उसावर येऊन पोचलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या कप्प्यातलं सूचनापत्रक वाचायला घेतलं.

जळगावला उतरल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने तिकीट बघून सांगितलं, "काका, तुमचं परतीचं विमान हेच. अर्ध्या तासात निघेल." म्हणजे एका दिवसात जाऊन येता येत होतं, फक्त लेकीच्या घरी जाता येत नव्हतं.

विमानतळाच्या दाराबाहेर लेक डबा घेऊन उभी होती. भरीत आणि भाकरी.

"मला ठाऊक व्हतं, अप्पा. इमान लगीच माघारी जातं. लग्नाआधीच बघितलं व्हतं मी. आई न्हाई म्हनली असती, म्हनून गप ऱ्हायले." तिने डबा पुढे केला. "आता निदान माझ्या हातचं खाऊन जावा."

बायको माझ्यावर कडाडणार असं वाटलं होतं. ती कट्ट्यावर बसली आणि सावकाश भाकरी मोडू लागली. मी घड्याळ बघत उभा. "अगं, आत जायला पाहिजे."

"तुमी जावा की. धारेला पोचाल."

मी भावाला फोन करून गाईंचं सांगितलं. सगळ्यांना शहाणं करायला निघालेला मीच फसलो होतो, आणि मला खरीखुरी लाज वाटली. विमान गेलं तेव्हा बायकोने वर बघितलंसुद्धा नाही. डब्याचं झाकण लावून तिने लेकीचा हात धरला.

"चल, घर दाखव तुझं. वरीस झालं, तुझा उंबरा बघितला न्हाई मी."