हेझलथॉर्पमधली एकच हेझलथॉर्प

आमच्या हेझलथॉर्प गावात हेझलथॉर्प आडनावाचं माणूस एकच होतं, हेप्सीमावशी. बाकी सगळे क्रॅबट्री, बूथ, नाहीतर खोऱ्यापलीकडच्या गावांची नावं लावणारे. गावातल्या गावात गावाचं नाव कोण कुणाला लावणार? ते चिकटतं गाव सोडून गेलेल्याला. मावशीला मात्र ते इथंच चिकटलं, कारण ती तान्ही असताना चर्चच्या ओसरीत सापडली. कुणी आपली म्हणेना, म्हणून पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याला गावाचंच नाव दिलं.

नाव दिलं, पण थारा नाही दिला. शाळेत पोरं ओरडायची, "हेप्सी, तुझे बाप किती गं? अख्खं गाव?" पुढं जॉर्ज बूथनं तिला मागणी घातली, तर चर्चचा कारभारी म्हातारा क्रॅबट्री जॉर्जच्या आईला म्हणाला, "रक्ताचा पत्ता नाही, आणि सून करून घेता?" लग्न मोडलं. मावशी वर्षानुवर्षं त्याच क्रॅबट्रींची धुणी धूत राहिली.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या ओहायोचे कुणी हेझलथॉर्प आपलं मूळ शोधत येणार असल्याचं कळलं. चर्चचं छप्पर गळत होतं, आणि पाहुणे खूश झाले तर देणगी देतील अशी गावाला आशा होती. म्हाताऱ्या क्रॅबट्रीचा मुलगा विल्फ्रेड गोड हसत मावशीच्या दारात उभा राहिला. मी, शेजारची पोर, तिथंच बटाटे सोलत होते.

"मावशी, तू फक्त रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचं. जुन्या घराण्यातली शेवटची म्हणून."

"कुठलं घराणं रे? तुझ्या बापाला तर सापडलं नव्हतं."

"जुनं कशाला उकरतेस? गावासाठी एवढंही करायची नाहीस?"

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. विल्फ्रेडनं स्वागताच्या भाषणात "सातशे वर्षांचं रक्त" म्हणताच ताडकन उठली.

"माझं रक्त कुणाचं ते देवाला ठाऊक! मला इथं टाकून दिलं होतं. ज्या तोंडांनी मला बेवारशी म्हटलं, तीच आज मला पाहुण्यांपुढं मिरवतायत!"

मग पाहुण्यांतला वाकलेला म्हातारा, एमॉस, तिच्याजवळ आला. "बाई, आमचे पणजोबा इथलेच अनाथ. बापाचं नाव नव्हतं, म्हणून गावाचं लावायचे. आम्ही हे कुणाला सांगत नाही."

तो मावशीकडंच जेवला. विल्फ्रेडनं त्याच्यासाठी मांडलेली मेजवानी तशीच राहिली. पाहुण्यांकडून छपराला दमडी मिळाली नाही, म्हणून पुढं हिवाळाभर गाव तिच्याशी बोललं नाही. तिनं क्रॅबट्रींचं गाठोडं न धुताच परत केलं.

ती गेली तेव्हा दफनाला विल्फ्रेड डोळे पुसत म्हणाला, "आपल्या गावाची लेक गेली."

मी तिथून निघून आले. त्याच्या घरचा चहा मी आजही घेत नाही.