पुस्तकात नसलेला बैल

रोज सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी पुनम सुनिताच्या ओट्यावर येऊन बसे आणि म्हणे, "एक डाव वाच." सुनिता वेणी घालता घालता त्या दिवसाचा धडा मोठ्यानं वाचे. पुनम पुस्तकाकडे बघत नसे. रस्त्यानं जाणाऱ्या शेळ्या बघत ती ऐके. दुसऱ्यांदा वाचायला तिनं कधी सांगितलं नाही.

गाव साक्रीच्या पश्चिमेला, रस्ता डोंगरात शिरतो तिथलं. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. पुनम आणि सुनिता दोघी चौथीत होत्या. वर्गात पाळी आली की पुनम उभी राही, ओळीखाली बोट ठेवी आणि सगळा धडा न अडखळता म्हणून टाकी. बोट किती वेगानं सरकवायचं ते तिला जमलं होतं. पान कुठं उलटायचं ते सुनिताच्या आवाजावरून आधीच कळलेलं असे. तीन वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर चुडामण सर बदलून आले, मुक्ताईनगरकडचे. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात धडा होता एका शेतकऱ्याचा. तो बाजारात जातो, बैल घेतो, घरी येतो, बायको बैलाला ओवाळते. धडा एवढाच. पुनमनं सुरुवात केली. शेतकरी बाजारात पोचला. मग विकणाऱ्यानं बैलाचा जबडा उघडून दात दाखवले. बैलाचं एक शिंग वाकडं होतं आणि तो डाव्या बाजूला माणूस उभा राहू देत नव्हता. विकणाऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल घेणाऱ्याच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली दोघांनी एकमेकांची बोटं दाबायला सुरुवात केली. भाव तोंडानं कोणी बोललं नाही. तिसरा एक जण वाकून बघायला लागला, त्याला दोघांनी मिळून हाकललं.

सर हजेरी भरत होते. त्यांचं पेन थांबलं. आपल्याला गोष्ट आवडत होती, हे त्यांनी पुढे कितीतरी वेळा सांगितलं. पण मागून एक जण ओरडला, "सर, हाई पुस्तकमा नई शे!"

वर्ग हसला. सरांनी पानावरचा एकच शब्द वाचायला सांगितला. शब्द होता 'गवत'.

"ग," पुनम म्हणाली. बऱ्याच वेळानं "व". मग पुन्हा "ग". सुटं अक्षर तिला ओळखू येई, पण तिसऱ्यापर्यंत पोचेतो पहिलं हातातून निसटलेलं असे.

बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचली. तिचा बाप लोटन. दोन एकर कोरडवाहू शेत, आणि बाजाराच्या दिवशी साक्रीच्या बैलबाजारात दलाली. सुट्टीत पुनमही त्याच्या मागे बाजारात जाई. त्यानं आवाज चढवला नाही. जेवता जेवता म्हणाला, "वाचता येत नई त साक्रीले पाचवीमा काय हिंडाले जाशी? चौथी झायी का मायसंगे वावरमा चाल."

 दुसऱ्या दिवशी पुनम सुनिताच्या ओट्यावर गेली नाही. सुनिताची साक्रीच्या शाळेची नवी बॅग आधीच ठरली होती, निळी, दोन खणांची.

चुडामण सरांनी तिला दुपारच्या खिचडीनंतर थांबवून घेतलं. जुन्या कॅलेंडरची पानं त्यांनी उलटी पसरली होती. "तू सांग, मी लिहितो," ते म्हणाले. तिनं धडाच म्हणायला घेतला. "हा नको. बाजाराचं सांग." तिनं सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"सर, मी आसं नई सांगं. हाई तुमनं शे."

सरांनी खोडलं आणि तिच्या बोलीत पुन्हा लिहिलं. कागद भिंतीवर लागला. मग दुसरा लागला, तिसरा लागला. कोंबडी चोरणारं मुंगूस, नदीतल्या डोहाची खोली, पावसात फसलेला ट्रॅक्टर. मुलं त्यांवरून वाचू लागली. पुस्तक पाहिलं की पाणी प्यायला जाणारी दुसरीतली दोन मुलंही भिंतीशी उभी राहू लागली. पुनमला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. वाचणारा चुकला की मात्र ती बसल्या जागेवरून त्याला हटकत असे.

फेब्रुवारीतल्या एका कागदावर तिनं टॉवेलाखालचा भाव कसा ओळखायचा ते सांगितलं. ते गावभर झालं, आणि गावातून बाजारात गेलं.

"काय लोटनभाऊ," एकानं खांद्यावरचा टॉवेल झटकत विचारलं, "तुनी पोर साळामा आपला धंदा शिकाडस म्हने? मंग आते टॉवेल कसाले पाहिजे?"

दुसऱ्या सकाळी लोटन शाळेत आला. चपला घालूनच वर्गात शिरला. "मास्तर, तो कागद काढा."

"काढतो भाऊ. बसा, आधी ऐकून तर घ्या."

सरांनी पुनमला उभं केलं. बापाकडे बघतच तिनं सांगितलं. एक बोट दाबलं की कोपर हलत नाही. दोन धरली की जरा आत येतं. चार धरली की खांदा उतरतो.

"चारले नई," लोटन मध्येच म्हणाला. "तीनले खांदा उतरस. चारले मान हालस."

"तुनी मान हालस, आबा. त्या दुसरा दलालना, पुनातात्याना, खांदा उतरस."

मुलं फिदीफिदी हसली. लोटननं मिशीवरून हात फिरवला. "कोनी शिकाडं तुले?"

"कोनी नई. मी देखस."

तो बाकावर बसला. सरांनी तेवढ्यात धुळ्याचं काढलं. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पोर हुशार आहे, वाचणं तेवढं अडतं, असा दाखला मिळाला तर परीक्षेत वाचून दाखवायला आणि लिहून घ्यायला माणूस मिळतो.

"दाखला मिळना म्हंजे पोर येडी ठरी. लगीनना टाइमले लोके काय म्हनतीन?"

"येडी? आत्ता तिनं तुम्हाला उघडं पाडलं, लोटनभाऊ."

लोटन बराच वेळ भिंतीवरचे कागद बघत बसला. त्यालाही वाचायला वेळच लागत असे. शेवटी म्हणाला, "तो एक कागद माले द्या. मंग धुळे जाऊत."

सरांनी कागद काढून दिला. त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवला.

धुळ्याला दोन खेपा झाल्या. तपासणाऱ्या बाईंनी पुनमला ठोकळे लावायला दिले, चित्रं दाखवली, ओळी वाचायला दिल्या. ठोकळे झटपट झाले. ओळी झाल्या नाहीत. दाखला हातात घेऊन लोटननं एकच गोष्ट विचारली, "साक्रीनी साळा लेई का हिले?"

"घ्यावंच लागेल," बाई म्हणाल्या.

जूनमध्ये सकाळची एसटी गावात आली. पुनमनं पाटीकडे बघितलंही नाही. गाडी ओळखायला तिला ड्रायव्हर पुरे होता. लोटन बाजाराला निघालेल्या माणसांशी बोलत खालीच उभा राहिला. खिडकीपाशी सुनिता बसली होती, शेजारी निळी बॅग ठेवून. गर्दीतून वाट काढत पुनम तिच्यापर्यंत आली.

"सरक ना वं," ती म्हणाली. "दप्तर मांडीवर ले."