नेलपॉलिशचा ठिपका

कांद्यापासून ट्रॅक्टरपर्यंत मी कशातही घासाघीस करतो. अख्ख्या शेवगावात मला एकच माणूस बधला नाही, स्टँडमागे गाड्यांत साउंड बसवणारा. अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना तो गाणं लावत नाही, घरातल्या माणसाचा व्हॉइस मेसेज मागतो.

"वहिनींचा लावा, शेठ. त्यो आवाज तुमाला पाठ हाय."

मग दारावर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकतो.

"आवाज अजून वाढव," मी म्हणालो.

"न्हाई."

"थोडा?"

"न्हाई."

नंतर कुणी आवाजाचा स्क्रू फिरवला तर कळावं म्हणून त्याने स्क्रू आणि अ‍ॅम्प्लिफायरची पेटी मिळून लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. गाडी माझी आणि बंदी मलाच! घरी जाऊन मी तो स्क्रू पिळलाच. आठवड्यात स्पीकर फाटला.

भांडायच्या तयारीनेच गेलो. त्याने दुभंगलेला ठिपका पाहिला, नवा स्पीकर बसवला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"आता तुमीच फिरवा. वहिनींचा आवाज चिरकला की मागं या."

"येताना कोथिंबीर आणा," मेसेजमधली बायको गाडीभर बोलत राहिली. मी वाढवत गेलो, मागे आलो, पुन्हा ऐकलं. थांबलो तेव्हा स्क्रू पेटीवरच्या जुन्या खुणेच्याही अलीकडे होता, त्याने ठेवलेल्या आवाजाहूनही कमी.

त्याने नवा ठिपका दिला. हसला असता, तर निदान भांडता तरी आलं असतं.