पाटावर बसता येईना

परवा दुपारी आमच्या घरातल्या नाती मोबाइलमध्ये डोकं घालून हुज्जत घालत बसल्या होत्या. नाती म्हणजे माझ्या चेल्यांच्या चेल्या. रिवाजानं मी त्यांची नानी, पण त्या मला आजीच म्हणतात. विषय काय, तर खालचे केस ठेवायचे की काढायचे. एक म्हणे लेझर, एक म्हणे वॅक्सिंग, एक म्हणे हातच लावायचा नाही. एकमेकींच्या उरावर बसायच्या बेतात आल्या, तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली.

"आजी, तुमच्या वेळी काय करायचे गं?"

"आमच्या वेळी पाटावर उभं राहायचे," मी म्हटलं.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारी गेली कामातून, असा चेहरा. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. मी सव्वीस वर्षांची होते आणि जगाच्या लेखी सव्वीस वर्षांचा होते. सरकारी कचेरीत कारकून. पांढरा शर्ट, खिशाला पेन, केसांना चपचपीत तेल आणि डोक्यात फक्त नियम. घर हरसूलकडचं. बापाला माझं खरं कळलं त्या दिवशी त्यानं माझी पत्र्याची पेटी अंगणात ठेवली आणि आत जाऊन कडी लावली. मग मी माईकडे आले.

माई म्हणजे हिजड्यांच्या घराण्यातली माझी गुरू. खरं तर तेव्हा ती अजून माझी गुरू व्हायची होती. द्वारका चौकापासून पायी दहा मिनिटांवर तिच्या दोन खोल्या, मागं अंगण, अंगणाच्या कडेला मोरी. तिथं तिच्या दोन चेल्या राहायच्या. एक थोरली, तिला सगळे अक्का म्हणायचे. दुसरी धाकटी, तिला धाकटीच म्हणायचे. मला कुणी नाव दिलं नव्हतं. मला म्हणायचे, 'कारकून'.

माईनं सांगितलं होतं, "सहा महिने राहून बघ. मग पौर्णिमेला तुझी रीत करू." रीत म्हणजे काय, तर मालेगावहून वडीलधाऱ्या येणार, मला पाटावर बसवणार, उलटसुलट विचारणार, आणि पटलं तर माई माझ्या डोक्यावर ओढणी टाकणार. त्या घडीपासून मी तिची मुलगी. फक्त एक होतं. ओढणी पडायच्या आधी ज्यानं पाट सोडला, त्याचं मन नाही असं धरायचे. मग त्याला जेवू घालून परत पाठवायचे. परत म्हणजे कुठे? हरसूलच्या कडीचा आवाज माझ्या कानात होताच. हाही दरवाजा गेला असता तर मला या जिल्ह्यात टेकायला जागा नव्हती. सहा महिने मी रोज त्या पाटाकडे बघायचे. भिंतीला उभा टेकवलेला असायचा. साधा सागवानी पाट, पण मला तो कलेक्टरच्या खुर्चीसारखा दिसायचा.

आता केसांचं. माईच्या घरात वस्तरा चालत नसे. सकाळी कोवळ्या उन्हात तिघी अंगणात बसायच्या, गुडघ्याला आरसा टेकवायचा आणि चिमट्यानं गालावरचा एकेक केस उपटायचा. वस्तऱ्यानं खुंट येतात, गाल हिरवा दिसतो, आणि वस्तरा हे पुरुषाचं हत्यार, असं माई म्हणायची. मीही शिकले. पहिल्या आठवड्यात इतके डोळे गळायचे की साहेबांनी विचारलं, घरी कुणी गेलं का.

कळ सोसली, पण डोक्यात किडा शिरला. नियम गालाचा होता. हनुवटीचा, मानेचा होता. त्याच्या पुढे काय? माईनं एक अक्षर काढलं नव्हतं. कचेरीत एखादी बाब नियमात राहून गेली, की आम्ही कागदावर शेरा मारायचो, 'मार्गदर्शन मागवावे'. तर हा शहाणा मार्गदर्शन मागवायला निघाला.

अक्का भाकरी थापत होती.

"अक्का, चेहऱ्याचं कळलं. पण बाकीचं काय करायचं?"

"बाकीचं कसलं?"

"म्हणजे... खाली."

अक्कानं खाली बघितलं. "खाली परात आहे."

"तसं नाही हो. अंगावरचं. खालचं."

तिनं पिठाचा हात माझ्या पांढऱ्या शर्टावर मारला. "मेल्या कारकुना! चुलीपुढं विचारतोस?" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "कात्री. उन्हाळाभर. घामानं जीव जातो ना. थंडीत कशाला? थंडीत कुणी स्वेटर कापतं का?"

मी मनात नोंद केली. कात्री, हंगामी. मग धाकटीकडे गेले.

"साफ!" ती म्हणाली. "दर शुक्रवारी. पावडर मिळते. मला एक केस हाताला लागला ना, की वाटतं हे अंग दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि मला नेसायला दिलंय."

"मग अक्काला तसं वाटत नाही का?"

"अक्काचं अक्काला विचार. मला काय विचारतो?"

एकाच छपराखाली दोन प्रकार! मला काही सुधरेना. माईला विचारायची छाती नव्हती. मग वाटलं, हे जन्मजात बाईला विचारावं. मूळ दप्तर तिच्याकडे असणार. माझी मोठी बहीण देवळाली कॅम्पात राहायची, मेव्हणे तिथंच नोकरीला. घरच्यांच्या चोरून ती मला बाजारात भेटायची, भाजी घेता घेता. मी कोथिंबिरीच्या जुड्या बघत असल्यासारखं करून विचारलं. ताईनं जुडीच तोंडावर मारली.

"लाज नाही वाटत? मोठ्या बहिणीला?"

"मग कुणाला विचारू?"

ती जुडी पिशवीत टाकून चालू लागली. दोन दुकानं पुढे गेल्यावर खाली बघत म्हणाली, "खरं सांगू? मला कुणी सांगितलंच नाही कधी. ना आईनं, ना सासूनं. बाळंतपणाला गेले तेव्हा नर्सनं न विचारता वस्तरा फिरवला, तेवढंच. नंतर महिनाभर खाजत होतं." आणि मग एकदम मान वर करून, डोळे मोठे करून, "तुमच्याकडे काय करतात रे?"

घ्या. मूळ दप्तरच माझ्याकडे मार्गदर्शन मागत होतं.

त्या वेळी मी घरी येऊन झोपले असते तर बरं झालं असतं. पण कारकुनाचं एक तत्त्व असतं. शंका असेल तिथं कडक नियम लावावा, म्हणजे वरून विचारणा झाली तर मान मोकळी राहते. वडीलधाऱ्या बायका काय काय विचारतील, काय काय बघतील, कुणास ठाऊक! काही राहून गेलं म्हणून ओढणी हुकली तर? ठरवलं, साफ.

रीतीच्या आदल्या दिवशी कचेरी सुटल्यावर द्वारकेला एका कटलरीच्या दुकानातून पावडर घेतली. दुकानदार म्हणाला, "मिसेससाठी का?" मी "हो" म्हटलं आणि माझ्या न झालेल्या बायकोच्या वतीनं लाजले.

डब्यावर लिहिलं होतं, पाच मिनिटं. मी दोनदा वाचलं. मोरीत जाऊन तांब्यातल्या पाण्यानं पावडर कालवली, सगळीकडे थापली. कुजक्या अंड्यांचा वास सुटला. तांब्यात घोटभर पाणी उरलं होतं. बाकीचं पाणी बाहेर, अंगणातल्या पिंपात. पाच मिनिटं झाली, की पंचा गुंडाळून पटकन घेऊन यायचं, असा बेत.

तिसऱ्या मिनिटाला मालेगावच्या बायका आल्या. उद्या सकाळी येणार होत्या, आजची संध्याकाळचीच एस.टी. मिळाली. अंगणात आल्या, पिंपाजवळ पाय धुतले आणि तिथंच बसल्या. माईनं सतरंजी टाकली. अक्कानं चहा टाकला. मी मोरीच्या दाराच्या फटीतून बघते आहे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंच्यावर बाहेर जावं, तर रीतीच्या आदल्या दिवशी उघड्या छातीचा बाप्या म्हणून माझं दर्शन घडणार. पाणी मागावं, तर कुणीतरी आत येणार, वास घेणार आणि काय चाललंय म्हणून विचारणार. त्यांच्यातली जी म्हातारी, जिला सगळे नानी म्हणायचे, ती बशीतून चहा पिता पिता नाक उडवत म्हणाली, "हाई काय शे? उंदीर मरेल शे का?"

अर्धा तास. चहा संपून त्या घरात गेल्या तेव्हा केस तर गेलेच, वरची कातडीही सोबत गेली.

रात्र पाय फाकून उताणी काढली. सकाळी साडी नेसवली, कपाळाला कुंकू लावलं, आणि ज्या पाटाकडे सहा महिने डोळे लावले होते त्यावर मांडी घालून बसवलं. मांडी! ज्यानं हा रिवाज घातला त्याला मी त्या वेळी काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

नानी समोर. माई शेजारी, मांडीवर लाल ओढणी.

"कुणी फूस लावून आणलं का?"

"नाही," मी म्हटलं आणि डावीकडे कलले.

"घरचे न्यायला आले तर जाशील का?"

"नाही," आणि उजवीकडे कलले.

"मनापासून आलास का?"

तेवढ्यात साडीची निरी नको तिथं घासली. तोंड असं वाकडं झालं की समोरच्या बाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "बघ, रडतोय. मन नाही त्याचं."

"आहे! आहे!" मी ओरडले आणि उठले.

अक्कानं तोंडावर पदर धरला. पण त्या कारकुनानं जन्मात एक काम अकलेचं केलं. पाय पाटावरून काढले नाहीत. नियम पाट सोडायचा होता. उठायचं कुणी काही म्हटलं नव्हतं. मी पाटावर ताठ उभी, आणि डोळ्यांतून पाणी.

माई उठून जवळ आली. कानाशी म्हणाली, "मन बदललं असेल तर आत्ता सांग. मी रागावणार नाही."

मी तिच्या कानात सगळं सांगितलं. पावडर, पिंप, अर्धा तास.

"तुला कुणी सांगितलं काढायला?"

"कुणीच नाही. नियम सापडेना म्हणून..."

"गाढवा, चेहरा घेऊन बाजारात जावं लागतं म्हणून चेहऱ्याचा नियम केला. बाकीच्या अंगावर मी कशाला नियम करू?" मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "मला विचारायचं होतंस. निर्वाणाच्या वेळी, पुरुषपण कापून काढलं तेव्हा, तिथं एकदा सुरी सोसली मी. तेव्हापासून तिथं काही लावू देत नाही. कात्री नाही, काही नाही. जे उगवतं ते उगवू दे म्हणते. पण ते माझं झालं."

सहा महिने मी त्या बाईबरोबर उन्हात बसत होते. मला हे माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिले. जळजळही क्षणभर विसरले.

"तो उठला शे," नानी म्हणाली. "माई, रिवाज तो रिवाज."

माई वळली आणि खणखणीत आवाजात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी डोळे मिटून घेतले. मग धाकटीच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि मग जी काही हसाहस झाली! एकीला ठसका लागला. तिला पाणी देता देता दुसरी म्हणाली, "अगं पण पावडर वापरावीच कशाला? धागा बरा." "धागा? तिथं?" "कात्रीसारखं काही नाही," अक्का. "मग खुपतं ते?" धाकटी. कोपरानं ढोसणारी म्हणाली, देवानं दिलेल्याला हात लावणंच पाप. त्यावर कुणी तरी तिच्या गालाकडे बोट दाखवून विचारलं, मग हे काय देवानं स्वतः येऊन उपटलं का. वडीलधाऱ्या बायका, पण एकीचं एकीला पटेना. मी मधोमध पाटावर पुतळ्यासारखी उभी, आणि माझी रीत कुणाच्या लक्षातच नाही.

शेवटी नानीनं हात वर केला. गुडघ्यावर रेलून पुढं वाकली आणि माझ्या पायांकडे नीट बघितलं. मी अंगठे पाटात रुतवले.

"पाट सोडेल नाही," ती म्हणाली. "टाक ओढणी. आणि तिले घरातलं तूप द्या लावायले. गार तूप."

'तिले' म्हणाली, 'त्याले' नाही. माईनं ओढणी टाकली. उभ्यानं रीत झालेली त्या घरात मी पहिली, आणि माझ्या माहितीत शेवटचीच.

नंतर आतल्या खोलीत मला कुशीवर झोपवलं आणि धाकटीनं शिऱ्याची बशी तोंडाशी सरकवली. मी ओढणी डोक्यावर तशीच धरून, मांजरासारखा शिरा खात होते. अंगणात हुज्जत अजून रंगात होती. कात्री, धागा, पावडर, काहीच नाही. मी घास थांबवून कान देत होते. निकाल लागला की लगेच लिहून घ्यावा, असा त्या कारकुनाचा विचार होता.

अंगणातल्या त्या सगळ्याजणी आता नाहीत. मी स्वतः तेव्हापासून तीनदा मत बदललं आहे, आणि चौथ्यांदा बदलण्याइतकं आता काही उगवत नाही. नाती बाहेर अजून भांडताहेत. मी कान देऊन बसले आहे.