भोंग्याचा सा

नाशकातल्या संगीत विद्यालयाची प्रवेशचाचणी पंधरवड्यावर आली होती आणि आमच्या घरात पेटीच नव्हती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिक रोडच्या प्रेस कॉलनीतली नववी झालेली मुलगी, आणि मला गाणं शिकायचं होतं म्हणजे शिकायचंच होतं. विहारातली पेटी जयंतीपुरती बाहेर यायची, एरवी कपाटात कुलपाआड. आई विहारात गायची. तिनंच माझी तयारी करून घ्यायचं ठरवलं आणि सुराचा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. म्हणाली, प्रेसचा भोंगा रोज त्याच सुरात वाजतो, तोच आपला सा.

झालं. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजला की आम्ही मायलेकी ओट्याजवळ उभ्या. भोंगा खालून चढत चढत वर जायचा आणि तिथं ठाण मांडायचा. आम्हीही तसंच करायचो. सा असाच लावतात, अशी माझी पक्की समजूत झाली. आईचीही तीच. तिनं लोणचं बंद केलं, चिंच बंद केली आणि माझ्या गालात ज्येष्ठमधाची काडी कोंबली. एक स्वतःच्याही गालात ठेवायची. तुला कशाला, असं वडिलांनी विचारलं तर म्हणाली, हिला सोबत.

एका सकाळी मला इतका हुरूप आला की भोंग्याची वाट न बघताच मी सा लावला. शेजारच्या काकांनी डबा उचलला, सायकलवर टांग मारली आणि प्रेसच्या बंद गेटसमोर जाऊन उभे राहिले. काकू आमच्या दारात येऊन बरंच काही बोलल्या. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. काकू गेल्यावर आम्ही दोघी हसून हसून खालीच बसलो. आता मला कोण नापास करतंय, असं मला वाटलं.

चाचणीच्या दिवशी आई ठेवणीतली जांभळी साडी नेसली. सिटी बसमध्ये तीच माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती.

आत एक सर पेटी घेऊन बसले होते. पट्टी कुठली, असं विचारताच माझ्या आधीच्या मुलींनी काळी चार, काळी पाच अशी फटाफट उत्तरं दिली. मला पट्टी म्हणजे कंपासपेटीतलीच ठाऊक. सरांनी मग सोपं करून विचारलं, "तुझा सा कुठला?"

"भोंग्याचा."

सगळा वर्ग हसला. संपलं सगळं, आता परतीची बस, असंच वाटलं. सर मात्र म्हणाले, लाव बघू. मी खालून चढत वर गेले आणि ठाण मांडलं. सरांची बोटं पेटीवर शोधत फिरली आणि एका पट्टीवर थांबली. पांढरी पाच. म्हणाले, सूर अगदी बरोबर आहे, पण हा असा जिना चढून का येतो? भोंगा असाच येतो, मी म्हटलं. मग मात्र सरही इतके हसले की त्यांचा हात भात्यावरून सुटला.

कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी दाराकडे बोट केलं. आई निम्मी आत आलेलीच होती. सरांनी तिला सा लावायला सांगितलं. मी नाही हो, मी नुसती सोबत आले, असं म्हणत तिनं पदर खोचला आणि खालून चढायला सुरुवातही केली. तोच जिना, तीच पांढरी पाच.

"सोमवारपासून या," सर म्हणाले. "दोघी."

बसमध्ये आई गालातली काडी तेवढी इकडून तिकडे फिरवत होती. माझा आनंद मात्र पोटात मावत नव्हता, आणि त्यात माझा किती नि तिचा किती हे मला सांगता आलं नसतं.

वडील दारातच उभे होते. त्यांनी आईला विचारलं, "झाली का पास?"

"झाले," आई म्हणाली.