मध्येच दिलेली दाद

यजमान वारल्यानंतर मी पहिल्यांदाच मैफलीला आले होते, तेही मध्यंतरात उठून जायचं ठरवून. पियानो आणि वाद्यवृंदाच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपला. पाश्चात्त्य मैफलीत दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून सभागृह गप्प होतं. तेवढ्यात शेजारचे आजोबा मोठ्यांदा म्हणाले, "वाह!"

"बाबा, इथे मध्येच दाद देत नाहीत," त्यांची मुलगी कुजबुजली.

"मग काय, घरी जाऊन देऊ?"

मला हसू फुटलं, आणि लगेच कानकोंडंही वाटलं. दुःखातल्या माणसानं कधी आनंदावं, याचेही असेच अलिखित नियम असतात.

मध्यंतर झालं, मी बसूनच राहिले. मग सिम्फनी सुरू झाली. व्हायोलिन, तुताऱ्या, नगारे एकदम उसळले. मांडीवरची पर्स खाली पडली, तरी मी वाकले नाही.